लंगडा र

साल १९०९. बडोद्यात भिंतभर जाहिरात हवी असली की लोक रावपुऱ्यात येसूबाईंकडे जात. त्यांच्या यजमानांनी सागवानात वीतभर अक्षरे कोरली होती. प्रत्येकाच्या पायाशी जाड, चौकोनी ठोकळा. अशी अक्षरे दुसऱ्या कुणाकडे नव्हती. म्हणूनच मांडवीच्या भिंतींवर ‘राजा भला, चाकर चोर’ झळकले, तेव्हा फौजदार सरळ त्यांच्या दारात आला.

“माफीनामा द्या बाई, नाहीतर दिवेलागणीला छापखान्याला सील.”

“न केलेल्याची माफी? कागद फुकट घालवू नका!”

येसूबाईंनी खासगी तपास करणाऱ्या जगदेवरावांना बोलावले. सोबत त्यांचे धिप्पाड मेहुणे दत्ताजीराव आले.

जगदेवरावांनी भिंतीवरून सोडवलेला कागद पसरला. “हा र तुमचाच?”

पायाचा कोपरा उडालेला तो र येसूबाई अंधारातही ओळखत. “माझाच. हातून पडला होता. यांच्या हातचा, म्हणून टाकवला नाही.”

“तिन्ही र लंगडे!” दत्ताजीराव म्हणाले. “आता कबूलच करा, वहिनी.”

“आधी तुमच्या मेहुण्यांना बोलू द्या,” येसूबाई फणकारल्या आणि पदर खोचून चौकशीला सोबत निघाल्या.

येसूबाईंकडे अक्षरे जुळवणारा, भांडून काम सोडलेला जुळारी मल्हारराव घराच्या ओट्यावरच भेटला. “राग आहे, पण बेइमानी नाही. मालकांचे पाच र. पडला तो मी ओळीच्या शेवटी ढकलायचो.”

दांडिया बाजारात पिलाजीरावांचा छापखाना. त्यांच्या खिडकीच्या काचेवर येसूबाईंचीच जुनी जाहिरात चिकटवलेली: ‘चला डभोईला! जंगी कुस्त्या सोमवारी’.

“हसण्यासाठी लावलीय,” पिलाजीराव म्हणाले. “बाईंचे र बघा, सगळे लंगडे!”

अक्षरांच्या कडेकडेने चाळणीतून यावे तसे ऊन येत होते.

“वाळवी लागली की हो,” दत्ताजीराव म्हणाले.

“जुना कागद,” पिलाजीराव तुटकपणे म्हणाले.

संध्याकाळी लाख आणि शिक्का घेऊन फौजदार आला. जगदेवरावांनी पिलाजीरावांनाही बोलावले होते. मल्हाररावाने तीच ओळ येसूबाईंच्या अक्षरांत जुळवून छापली. एक र लंगडा, दोन धड.

“फुटका ठसा एकच,” जगदेवराव म्हणाले. “तो एका वेळी तीन जागी कसा बसेल? म्हणजे एकाच र वरून तीन कोरले. मल्हाररावाला पाचही र ठाऊक, तो असे करता ना. ज्याच्यापुढे एकच र होता, त्याला सगळेच लंगडे वाटले. कुस्तीच्या जाहिरातीत र किती?”

दत्ताजीराव बोटांवर मोजू लागले. “एकच!”

“आणि चोरट्या ओळीतले प्रत्येक अक्षर त्या जाहिरातीत आहे. वाळवी अक्षरांच्या कडेने चालत नाही, दाजी. सुईने टोचून लाकडावर उतरवलीत ना, पिलाजीराव? बाईंना सील, तुम्हाला गिऱ्हाईक!”

पिलाजीरावांच्या जळणात अक्षरांचे अर्धे जळके ठोकळे सापडले. पिलाजीराव बडोदे सोडून सावली गावी गेले, पुन्हा छापखाना काढला नाही. मल्हारराव कामावर परतला आणि मरेपर्यंत भांडत राहिला. जगदेवरावांनी दक्षिणा म्हणून तो चोरटा कागद तेवढा मागून घेतला. दत्ताजीराव म्हातारपणी सांगत, वाळवी मीच ओळखली.

फौजदाराने माफी मागितली नाही. येसूबाईंनीही वाट पाहिली नाही. दुसऱ्या सकाळी त्याच्या कचेरीसमोरच्या भिंतीवर दोनच शब्द होते: ‘येसूबाई हजर’. शेवटचा र लंगडा. पुढे एकवीस वर्षे त्यांनी तो बदलू दिला नाही.