पांढऱ्यावर पांढरं

“पत्रिकेत माझी आई कुठंय?”

काउंटरवर फोन ठेवत त्यानं विचारलं. रागात नव्हता… पण नजर काही हलेना.

शहापूर स्टँडमागच्या दुकानात मी फोनवर पाठवायच्या लग्नपत्रिका बनवते. हा किन्हवलीचा, नाव आदेश. बहिणीच्या पत्रिकेसाठी आलेला. त्याची आई, सकुबाई, लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, रचून गाते. तिचा धवला पहिल्यांदाच पत्रिकेत घालायचा होता.

मी पाहिलं. पत्रिका गर्द लाल, अक्षरं पांढरी. तळाला धवल्याची पांढरी चौकट — कोरी!

“आहे की धवला. पांढऱ्यावर पांढरा.”

“म्हणजे?”

“बाहेरच्या चौकटीतल्या अक्षरांचा रंग आतली चौकट आपसूक उचलते. तिला वेगळं सांगावं लागतं.”

“मग सांगा ना मॅडम! संध्याकाळी गावभर पाठवायचीय. आईनं घरोघर सांगून ठेवलंय, माझं गाणं वाचा म्हणून.”

मी काळा रंग दिला. अक्षरं उमटली; पण बाहेरच्या नावांसारखीच जाडजूड, मधोमध.

“आई अशी मधोमध उभी राहून नाय गात. कडेला बसते.”

मला हसू आलं. एका ओळीत आतल्या चौकटीला बजावलं — बाहेरचं काही घ्यायचं नाही. मग तिचं तिला दिलं: डावी कड, नाजूक अक्षर, पानाचा हिरवा.

“ओळ कुठं तोडू?”

तो हळूच गायला…

“हळद चढली मांडवा गो,
उन्हाला आला गोडवा गो…”

माझी बोटं कीबोर्डवरच थांबली.

“आवाज आईचा?”

“हां. नाक बाबांचं.”

“आणि तुमचं स्वतःचं काय?”

माझ्याकडे बघत म्हणाला, “पसंती.”

“स्क्रीनकडे बघा,” मी म्हटलं. कान तापले होते.

संध्याकाळी पत्रिका गेली. थोड्याच वेळात त्याचा फोन. ‘मॅडम’ गळून थेट माझं नाव.

“हर्षाली, शेजारीण वाचून दाखवतेय नि आई डोळे पुसतेय. पण… माझ्या पत्रिकेत खाली आणखी एक चौकट कोरी राहिलीय.”

“ती फक्त तुझ्याच पत्रिकेत आहे.”

“पुन्हा विसरलीस?”

“मी? नाय रे. मुद्दाम ठेवलीय. तिच्यावर बोट दाबून धर.”

त्यानं बोट दाबून धरलं. मग मजकूर निवडल्यावर येते त्या निळ्या पट्टीवर उमटलेली माझी पांढरी अक्षरं त्यानं सावकाश वाचली —

“‘माझीही पसंती.’”

पलीकडे तो हसला.

“बोल ना गो… आता आईला काय सांगू?”

“सांग, आणखी एक धवला रचायला घे.”