देवदूताचा शेवटचा थर

“अहो, हा देवदूत आजारी आहे का? अगदी हिरवा पडलाय!”

दारातच उभं राहून असं विचारणारा माणूस फ्रेमवाला निघाला. प्रार्थनामंदिरासाठी पाचशे वर्षांपूर्वीच्या एका चित्राची तैलरंगात नक्कल करायचं काम माझ्याकडे होतं, आणि तो माप घ्यायला आला होता. मला रागच आला.

“जुने चित्रकार असंच करायचे. खाली हिरवा थर, तो वाळला की वर गुलाबी. मग कांती जिवंत वाटते,” मी फणकारले.

“म्हणजे आधी आजारी पाडायचं, मग बरं करायचं!”

हसू दाबायला मी पाठ फिरवली. दाबलं गेलं नाही.

मग तो येतच राहिला. कधी लाकडाचा नमुना दाखवायला, कधी सोनेरी वर्खाचा. माप तर त्याने चार वेळा घेतलं. देवदूताच्या गालांवर थरावर थर चढत गेले आणि... माझ्याही गालांचं काही खरं नव्हतं.

“चित्र वाळतंय की मुरतंय गं?” आई विचारायची. मी ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

एक दिवस तो म्हणाला, “परगावच्या कारखान्यात नोकरी लागलीय. ही फ्रेम बसवली की निघणार.”

“अजून ओलं आहे,” माझ्या तोंडून निघून गेलं.

पुढच्या आठवड्यातही मी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मात्र त्याने पंखाच्या टोकाला हलकेच बोट लावलं आणि ते कोरडं बोट माझ्यासमोर धरलं.

“कधीपासून?”

“तुम्ही निघणार म्हणालात ना... त्याच्याही आधीपासून.” लाजेने जीभ अडखळली, तरी बोलले — “तुम्ही गेलात तर मला करमणार नाही. म्हणून खोटं बोलले. बसवा आता फ्रेम.”

त्याने चित्र पालथं केलं, फ्रेममध्ये ठेवलं, एकेक खिळा ठोकला. दुसरं टोक मी धरलं होतं. चित्र भिंतीला टेकवून त्याने खिशातून फोन काढला.

“साहेब, मला यायला जमणार नाही... नाही नाही, पगाराचं काही नाही. इथेच एक काम निघालंय.”

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मनापासून हसला.

“कधी संपेल? छे हो, साहेब... हे जन्मभराचं आहे.”