तुफूलचा माग

बखीत शाळेची पायरी चढला नव्हता. उंटांमागे हिंडता हिंडता डोंगर शिकला, आणि आता सलालाच्या वरच्या उतारांवर पाहुण्यांना पाखरं, झाडं, जनावरांचे माग दाखवत फिरायचा. त्या सकाळी मस्कतची मास्तरीण जुवैना आणि तिचा नवरा हारिब सोबत होते. खरीफचं, म्हणजे तिथल्या पावसाळ्याचं, धुकं असं दाटलेलं की पुढच्याची पाठ तेवढी दिसायची.

"हे साळिंदर. पहाटे गेलंय," बखीत म्हणाला.

"आणि हे, काका?" जुवैनाने विचारलं.

लाल चिखलात अनवाणी, इवलं पाऊल.

"पोर आहे. सात वर्षांचं असेल. टाच हलकी..." तो थांबला. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढली होती.

त्याच्या लेकीची, तुफूलची करंगळी अशीच होती; तेव्हा ती सात वर्षांची होती. अशाच धुक्यात बकऱ्यांमागे या उतारावर गेली ती परतली नाही. नऊ वर्षं झाली. अख्खा डोंगर मागांवरून वाचणाऱ्या बापाला तेव्हा तिचं एकही पाऊल सापडलं नव्हतं.

असं बोट कुणाचंही असू शकतं, असं त्याने मनाला बजावलं आणि तो मागावरून निघाला.

अंजिराच्या झाडाखाली पाऊल बोटभर लांबलं होतं. करंगळी तशीच.

"ही दुसरी कोण?" जुवैना म्हणाली.

"तीच. आता अकराची."

हारिब हसला. "शंभर पावलांत चार वर्षांनी वाढली? काय खाते काय ही?"

बखीत हसला नाही. पुढे पाऊल सोळा वर्षांच्या मुलीचं झालं. आज ती तेवढीच असती. माग इथे संपेल, असं त्याला वाटलं.

माग संपला नाही.

टाचा खोल रुतू लागल्या, पावलं फाकली. "पोटुशी आहे," तो पुटपुटला. मग पाऊल फरफटू लागलं. शेजारी काठीची भोकं आली.

"काका, मागे फिरू या," जुवैना म्हणाली. हारिबने तिचा हात धरला होता.

"तुम्ही इथंच थांबा."

तो एकटाच पुढे गेला. वीस पावलं. धुक्यात दोघं दिसेनाशी झाली. पाखरंही गप्प होती.

शेवटची दोन पावलं शेजारी शेजारी उमटलेली होती. पुढे चिखल कोरा.

तो खाली बसला. पावलांच्या खळग्यांत पाणी अजून झिरपत होतं.

"तुफूल?"

दोन्ही पावलांची बोटं त्याच्याकडे वळलेली होती.