झाकणावर लिहिलेलं

या, जरा जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं यावं, जागा पुष्कळ आहे. एक प्रेमाची गोष्ट सांगायची आहे, आणि ती तळहातावर मावेल एवढ्या थाळीतली आहे… म्हणून हळूच सांगावी लागेल.

एका प्रयोगशाळेत एक मुलगी संशोधन करत होती. तिच्यापाशी एका शिंपीणबाईंच्या रक्तातून काढलेला डीएनए होता, जेमतेम एक थेंब. या बाईंची बोटं ऐन चाळिशीत आखडत गेली, सुई धरवेना. असा आजार डॉक्टरांनी दुसऱ्या कुणात पाहिला नव्हता. बाईंना मूलबाळ नाही, भावंडं नाहीत. देवाघरी जाण्याआधी तिचा हात धरून म्हणाल्या होत्या, "माझ्या बोटांचं काय बिनसलं, तेवढं शोध गं." ती हो म्हणून बसली होती.

तो शेवटचा थेंब तिनं वापरला. जनुकाचा तुकडा वेगळा काढला, डीएनएच्याच एका सूक्ष्म गोल कड्यात जोडला आणि कडं जीवाणूंच्या पोटात सोडलं. जीवाणू वाढतो तसा तुकडाही वाढतो, एकाचे लाख होतात, मग हवा तेवढा अभ्यास करा. देवानं केवढ्याशा जिवाला केवढी सेवा लावून दिली आहे. जेली ओतलेल्या छोट्या थाळीत, म्हणजे प्लेटमध्ये, जीवाणूंचे ठिपके उगवतात. निळे ते रिकामे, पांढऱ्यांत तुकडा असण्याची आशा.

सकाळी प्लेट हातात घेऊन ती इनक्युबेटरच्या ऊबदार कपाटापासून वळली… आणि मागं शेजारच्या टेबलावरचा तो उभा. त्याच्याही हातात प्लेट. कोपराला कोपर लागलं, दोन्ही प्लेटी खाली. झाकणं टेबलाखाली घरंगळली. एक प्लेट जशीच्या तशी बसली, दुसरीतली जेली फरशीवर फुटून पसरली.

तिथं वीस वर्षं काचसामान धुणाऱ्या मावशींनी जंतुनाशकाची अख्खी बाटली त्यावर ओतली. जीवाणू सांडले की लगेच ओतायचं, हा नियम. दोघांना वाकायलाही वेळ मिळाला नाही.

"हं," मावशी म्हणाल्या, "उरलेली कुणाची?"

त्यानं प्लेट उलटी करून तळ पाहिला. कोरा.

"तुम्ही तळावर नाव नाही घातलं?"

"तुम्ही?"

"…झाकणावर."

"मीही."

पहिल्या दिवशी पहिली गोष्ट शिकवतात, तळावर लिहा, झाकणं बदलतात. दोघांचंही झाकण आता टेबलाखाली, शेजारी शेजारी.

"एवढी शिकलेली माणसं," मावशी म्हणाल्या आणि फडकं आणायला गेल्या.

दोन महिने दोघं एकाच खोलीत होते. बोलणं काय ते "फ्रीजरचं दार नीट लावा" एवढंच. नजर चुकवणं मात्र रोजचं. त्याचा गव्हाचा जनुक होता, पानांवरच्या तांबेरा रोगाशी झुंजणारा. तो घेऊन शुक्रवारच्या बसनं त्याला दुसऱ्या गावी नव्या कामावर जायचं होतं. मावशी त्याला गहूवाला म्हणायच्या.

"माझी गव्हाची पानं फ्रीजरमध्ये भरपूर आहेत," तो म्हणाला. "तुमचं?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "शेवटचा थेंब होता."

"मग उरलेली तुमचीच निघू दे, डॉक्टर."

"अजून झाले नाही डॉक्टर. आणि तुम्ही म्हणून काय होतंय?"

"काही नाही. पण म्हणावंसं वाटलं."

तपासायची वाट एकच. बारा पांढरे ठिपके उचलून पोषक रसात वाढवायचे, दुसऱ्या दिवशी त्यांतली कडी काढून कापायची आणि जेलच्या थरात वीज सोडून तुकड्याची लांबी मोजायची; तुकडा जेवढा लहान, तेवढा खाली सरकतो. तिचा तुकडा डीएनएच्या नऊशे अक्षरांचा, त्याचा एकवीसशेचा. ठिपके तिनं उचलले, नळ्यांवर आकडे त्यानं घातले. दोनदा, दोन्ही बाजूंनी.

"आता शहाणपण आलं," ती म्हणाली.

"उशिरा येतं माझ्याकडे सगळंच," तो म्हणाला, आणि पेनाचं टोपण उगाच लावत, काढत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेलच्या बारीक खाचांत थेंब सोडायची वेळ आली.

"हात थरथरतोय तुमचा."

"मग तुम्ही सोडा."

"माझाही थरथरतोय… कारण वेगळं आहे."

शेवटी तिनंच सोडला. थेंब मात्र बरोबर खाचेत पडला.

तासाभरानं दिवा लावला. अंधाऱ्या खणात केशरी रेषा उजळल्या. पहिली ओळ रिकामी, नुसतं कडं. दुसरी, तिसरी, चौथी, तशीच. पाचवीही. पांढरे ठिपके, पण आत काही नाही. तिनं टेबलाची कड धरली. देवाचं नाव घ्यावं तर ओठ हलेनात.

सहाव्या ओळीत कड्याच्या पुष्कळ खाली एक बारीक रेघ होती.

त्यानं ती शेजारच्या मापाच्या ओळीशी ताडून पाहिली. पुन्हा पाहिली.

"नऊशे," तो म्हणाला.

ती स्टुलावर बसली. डोळे भरले, पुसायचं सुचलं नाही. मग एकदम भानावर आली. "म्हणजे फुटली ती तुमची."

"माझी."

"वाईट वाटतंय?"

"पुन्हा करायला तीन आठवडे लागतील. शुक्रवारची बस गेलीच." मग त्यानं नुसती जेली ओतलेली एक कोरी प्लेट तिच्यापुढे सरकवली. "ही कालची. उलटी करून बघा."

तळावर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: थांबतोय. गव्हासाठी नाही. खाली कालची तारीख.

"काल तर काहीच कळलं नव्हतं," ती हळूच म्हणाली. "उरलेली तुमची निघाली असती, तर?"

"तरी हेच दाखवलं असतं."

दाराशी मावशी फडकं पिळत उभ्या होत्या. अगदी कोरडं होईपर्यंत पिळत होत्या.

तिनं त्याच्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि तळावरच, त्याच्या ओळीखाली, एकच शब्द लिहिला: थांबा.

तर अशी ही गोष्ट. पुढं त्या एका ठिपक्याचे लाख झाले, बोटांचं काय बिनसलं ते तिनं शोधलं, दिलेला शब्द पाळला. त्या दोघांना विसरलात तरी चालेल, त्यांचं ते बघतील. शिंपीणबाईंच्या मागं मात्र कुणी नाही. आज निजण्याआधी देवाला हात जोडाल, तेव्हा आपली बोटं सरळ जुळली की क्षणभर त्यांची आठवण काढा.