उत्तर द्यायचं नाही

विनिताने रिक्षावाल्याला सांगितलं, शिवणाच्या क्लासला जायचंय. खरं सांगितलं असतं तर ती पोचायच्या आधी बातमी घरी पोचली असती.

चर्चच्या शाळेत दर शनिवारी संध्याकाळी दारू सोडणाऱ्यांची मीटिंग भरायची. मागच्या बाकांवर घरची माणसंही बसू शकत. हे तिला वाडीशेजारच्या सालोमीबाईंनी सांगितलं होतं. नवऱ्याला सोडून, लेकीला घेऊन माहेरी आल्याला सात महिने झाले होते, तरी विनिताला नीट झोप नव्हती. "नवरा सुटला गं," सालोमीबाई म्हणाल्या होत्या, "भीती सुटली का?"

ती पायऱ्या चढून वळली, आणि समोर चहाची किटली घेऊन उभा... स्वरूप. तिचा नवरा.

दोघंही जागच्या जागी थबकले. त्याची दाढी नीट केलेली होती, डोळ्यांखालची सूज उतरलेली.

"तू इथे?"

"तीन महिने झाले." मग हळूच म्हणाला, "कळवलं नाही. सोडली, सोडली म्हणून इतक्यांदा सांगून झालं होतं..."

ती परत फिरलीच असती. पण त्याने कपात चहा ओतला आणि नव्याने आलेल्या कुणालाही विचारावं तसं विचारलं, "साखर किती घेता?"

"सहा वर्षं झाली लग्नाला. माहीत नाही?"

"नाही. कधी करून दिला नाही ना."

तिला हसू आलं. ते लपवायला तिने कप तोंडाला लावला.

तिथला एक नियम फार कडक होता. एक जण बोलत असेल तेव्हा दुसऱ्याने उत्तर द्यायचं नाही. खोडून काढायचं नाही, समजूतही घालायची नाही. विनिता तर सहा वर्षं त्याच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत आली होती.

त्या दिवशी स्वरूप उठला आणि कळंबच्या किनाऱ्याबद्दल बोलला. भाविका तीन वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. पोरगी हात सोडून पाण्याकडे पळाली, असं त्याने घरी सांगितलं होतं. ती पळाली नव्हती. तो पिऊन वाळूत झोपला होता, आणि ती त्याला हाका मारून मारून कंटाळून उठून गेली होती. एका कोळणीने तिला कंबरभर पाण्यातून उचललं.

विनिताने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं. तिला हवं ते खरं आज मिळालं होतं, आणि तिला एक अक्षर बोलायची परवानगी नव्हती. तिने फक्त ऐकलं. बहुतेक पहिल्यांदाच.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा आली. त्याच्याही पुढच्या... मीटिंग सुटली की तो तिला रिक्षा स्टँडपर्यंत सोडायचा, हातभर अंतर राखून. 'तुम्ही'वरून खाली यायचाच नाही. नवीन ओळख झालेल्या मुलीला विचारावं तसं काहीबाही विचारायचा. एकदा म्हणाला, शाळेत असताना तुम्हाला कुणी चिठ्ठी दिली होती का?

"दोघांनी. त्यातला एक आता डॉक्टर आहे."

"आणि तुम्ही माझ्यासारखा ड्राफ्ट्समन पत्करलात?"

"दिसायला बरा होता," ती म्हणाली आणि रिक्षात बसली. घर येईपर्यंत तिचे कान गरम होते.

घरी मात्र तिच्या वडिलांनी, आबांनी, वकिलाकडून घटस्फोटाचे कागद करून आणले. सोमवारी सही करायची होती.

त्याआधीच्या शनिवारी विनिता स्वतः उठून पुढे गेली.

"मी विनिता. मी पीत नाही. पण खोटं मीही बोलले. दर सोमवारी ह्याच्या ऑफिसात फोन करायचे, ताप आलाय म्हणून. अजून दाराशी कुणी आलं की मी आधी वास घेते, मग चेहरा बघते. परवा मला एक सही करायचीय... आणि ती करायची नाहीये. माझं अजून प्रेम आहे ह्याच्यावर. ह्याची मला लाज वाटायला हवी का, तेही कळत नाही."

पहिल्या बाकावर स्वरूप मान खाली घालून बसला होता. त्याची बोटं बाकाच्या कडेवर पांढरी पडली होती. उत्तर द्यायचं नव्हतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "आता बोल."

"काय बोलू? जे बोलेन ते वचन वाटेल तुला."

"वचन नको. उद्या येऊन आबांना कळंबचं सांग. इथे सांगितलंस तसंच."

त्याचा चेहरा उतरला. पोरगी हात सोडून पळाली, हेच आबा आजवर धरून होते. खरं ऐकल्यावर ते विनिताच्या हातात पेन स्वतः देतील, हे दोघांनाही कळत होतं.

रविवारी सकाळी तो वाडीत आला. आबा केळीची पानं कापत होते. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आबांचा कोयता थांबला.

"हे तेव्हा कळलं असतं तर वाडीत पाय ठेवू दिला नसता तुला," ते म्हणाले. त्यांनी कोयता खाली ठेवला. "आता ठेवलायस तर बस." मग विनिताकडे न बघता, "सही तुझी आहे. तुझं तू ठरव."

ती त्याला कुंपणाच्या फाटकापर्यंत सोडायला गेली.

"मी उद्या वकिलाकडे जाणार नाही. चंदनसारच्या आपल्या घरीही येणार नाही... इतक्यात तरी." तिने फाटक उघडलं. "भाविकाला शाळेत सोडायला सव्वासातला निघते मी."

त्याने बाहेर पडून फाटकाची कडी लावली.

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी तो फाटकाशी उभा होता. केस अजून ओले होते. भाविकाने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि आईचा हात ओढत ती चालू लागली. तो मागून निघाला, चार पावलांचं अंतर ठेवून.

वळणापाशी विनिताने पाऊल हळू केलं. तो शेजारी येईपर्यंत हळू केलं.