तीन ठिपक्यांची नोंद

“बगळा नाही हो, डगला आहे तो.”

वाणीने दचकून मागे पाहिलं. एग्मोर स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात ती एका हातात पेला आणि दुसऱ्या हातात एक जुनं पत्र धरून उभी होती. पत्रातलं एकच वाक्य ती स्वतःशी पुन्हा पुन्हा पुटपुटत होती – ‘त्याच्या अंगात चंदेरी बगळा होता.’ बगळा अंगात कसा शिरला, हे तिला काही केल्या कळेना. मागे उभ्या असलेल्या उंच, सावळ्या तरुणाला मात्र राहवलं नव्हतं.

“डगला म्हणजे कोट,” तो म्हणाला. “माफ करा हं, दुसऱ्याचं पत्र वाचू नये… पण चेन्नईत मराठी अक्षर दिसलं की डोळे आपोआप वळतात. कोण आहेत हे कोटवाले? नवरदेव?”

“नवरदेव नव्हे,” वाणी शांतपणे म्हणाली. “उडत्या तबकडींतून उतरलेला मनुष्य. उंची साडेतीन फूट.”

त्याच्या पेल्यातली कॉफी हिंदकळून शर्टावर सांडली. वाणीला हसू आवरेना. तिने रुमाल पुढे केला, त्याने तो घेतला, आणि डाग पुसता पुसता दोघांची ओळख झाली.

त्याचं नाव मंदार. मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. नव्या गाडीच्या रंगावर कुठे डाग राहिला आहे का, हे पाहणं त्याचं काम. वेलचेरीत दोन मित्रांबरोबर राहायचा. वाणी तांबरमच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिच्या घराण्याला तंजावर सोडून तीन पिढ्या झाल्या होत्या, पण घरात अजून मराठीच चाले.

“आम्ही बोलतों मराठी, लिहितों तमिळ लिपींत,” ती म्हणाली. “छापलेलं वाचतां येतं. हें हातचं अक्षर पाहिलं की, अय्यो… मुंग्या धांवतात तसं दिसतं.”

“तुमचं बोलणं ऐकून मला आपण फेटा बांधायला हवा होता असं वाटतंय.”

“बांधा की. डागही झांकेल.”

पत्रं गिरिधर मामांची होती. मामा म्हणजे वाणीच्या आईचे चुलतभाऊ, हवामान खात्यातून निवृत्त झालेले, वय एक्याऐंशी. आयुष्यभर त्यांनी एकच छंद जोपासला होता. उडत्या तबकड्या जमिनीवर उतरल्याच्या हकिकती गोळा करायच्या. नुसता आकाशात दिवा दिसला, असं कोणी कळवलं तर ते चार आभाराच्या ओळी लिहून मोकळे होत. तबकडी खाली टेकली पाहिजे आणि आतून कोणीतरी बाहेर आलं पाहिजे, तरच नोंद. त्या बाहेर येणाऱ्यांना मामा ‘उतारू’ म्हणत. देशोदेशींची कात्रणं आणि मासिकांतून आवाहन करून मिळवलेली पत्रं मिळून चारशे बारा नोंदी झाल्या होत्या. आता मामांची दृष्टी अधू होत चालली होती. सगळ्याची नीट सूची व्हावी आणि ती एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाकडे जावी, एवढीच त्यांची इच्छा. दर शनिवारी दुपारी वाणी त्यांच्या एग्मोरच्या घरी बसून ते काम करत होती. मराठी पत्रांपाशी येऊन मात्र तिची गाडी अडली होती.

“मी वाचून देऊ?” मंदारने विचारलं. मग जरा थांबून, “काय म्हणालात नाव – गिरिधर राव?”

“ओळखतां?”

“छे. मी कसा ओळखणार?” तो म्हणाला, आणि रुमालाची घडी घालत राहिला.

पुढच्या शनिवारी तो आला. त्याच्या पुढच्याही आला. डिसेंबर सुरू होता, हवेत सुखद गारवा होता, मधूनच पावसाची एखादी सर गॅलरीतल्या तुळशीला भिजवून जाई. मंदार पत्र वाची, वाणी नोंद करी – तारीख, ठिकाण, साक्षीदार, तबकडीचा आकार, उतारू किती, उंची, पोशाख, आवाज, जमिनीवरच्या खुणा. शेवटच्या रकान्यात मामांचे ठिपके. एक ठिपका म्हणजे शंकास्पद, दोन म्हणजे विचार करण्याजोगं, तीन म्हणजे विश्वासार्ह.

“सांगलीच्या बाईंनी पाहिलेले उतारू तीन,” मंदार वाचत होता. “तिघांनीही हात जोडून नमस्कार केला. केस नव्हते, पण भुवया देखण्या होत्या.”

“भुवया देखण्या – हें कोणत्या रकान्यांत घालूं?”

“पोशाखात घाला. देखण्या भुवया हा पोशाखच असतो.” आणि तो तिच्या भुवयांकडे अर्धा क्षण जास्तच पाहत राहिला.

वाणीने मान खाली घातली आणि ‘भुवया’चं पहिलं अक्षर दोनदा गिरवलं.

संध्याकाळी तो तिला तांबरमच्या गाडीपर्यंत सोडायला येई. स्टेशनचा तो पाच मिनिटांचा रस्ता दोघं पंचवीस मिनिटांत चालत. वाणी घरी आईला सांगे, काम फार वाढलंय. तिची आई कनका फक्त तिच्या चेहऱ्याकडे बघे.

एक गोष्ट मात्र वाणीच्या ध्यानात आली होती. मराठी पत्रांच्या गठ्ठ्यात एक निळं अंतर्देशीय पत्र होतं. मंदार दर वेळी गठ्ठा सोडी, आणि ते पत्र हळूच सगळ्यांत खाली सरकवी. पाच शनिवार असे गेले. सहाव्या शनिवारी गठ्ठ्यात तेवढंच उरलं.

“हां, तें!” मामा आरामखुर्चीत सावरून बसले. त्यांचा आवाज एकदम तरुण झाला. “तें शेवटीं ठेवलंस, बरं केलंस बाबा. बारा वर्षांच्या मुलाचं पत्र आहे. तीन ठिपके. माझ्या सगळ्या संग्रहांत मराठींतलं हें एकच तीन ठिपक्यांचं. सूचीच्या प्रस्तावनेंत मी हेंच देणार. मोठीं माणसं सजवतात रे, त्या मुलानं कांहीं सजवलं नाहीं. वाच, वाच.”

मंदारने पत्र उघडलं. “‘आमच्या धरणाच्या वसाहतीमागे कालवा आहे,’” तो वाचू लागला. “‘तिथे मी रोज संध्याकाळी बसतो. मंगळवारी तिथे पालथ्या कढईसारखं काहीतरी उतरलं. आवाज झाला नाही. आतून एकजण आला. तो माझ्याएवढा होता. मला भीती वाटली नाही. तो माझ्याशेजारी कठड्यावर बसला. त्याने खुणेने माझं नाव विचारलं. मी सांगितलं. त्याला ते म्हणता येईना, म्हणून तो हसला. मग मीही हसलो. अंधार पडायच्या आत तो गेला. दुसऱ्या दिवशी तिथलं गवत गोल पिवळं झालं होतं…’”

वाणीची लेखणी थांबली. मंदार गॅलरीबाहेरच्या पावसाकडे बघत होता. पत्र त्याच्या मांडीवर होतं, आणि पहिल्या ओळीनंतर त्याने एकदाही त्याकडे पाहिलं नव्हतं.

मामांना ते दिसलं नाही. ते डोळे मिटून ऐकत होते. “म्हणजे पहा,” ते म्हणाले, “म्हणतां येईना म्हणून हसला! असं कोणी रचून लिहील काय?”

त्या संध्याकाळी वाणी रस्ताभर त्याच्या दोन पावलं पुढे चालली. स्टेशनच्या जिन्यापाशी येऊन ती थांबली.

“खालीं नाव कोणाचं आहे त्या पत्रांत?”

मंदारने छत्री मिटली. सर थांबलीच होती. “माझं.”

“आणि तबकडी?”

“नव्हती. काहीच नव्हतं. गवत खरं पिवळं होतं, तिथे कुणीतरी तंबू ठोकला होता.” तो घाईघाईने बोलू लागला. “मासिकात पत्ता वाचला आणि गंमत म्हणून लिहिलं. खाली नुसतं आडनाव टाकलं, म्हणून मामांनी मला ओळखलं नाही. वाटलं, कोण उत्तर देतंय! तर मामांचं चार पानी पत्र आलं. एकतीस प्रश्न. एवढ्या आदराने मला तोवर कुणी काही विचारलं नव्हतं, वाणी. मी इतका घाबरलो, की ते पत्र गादीखाली लपवलं.”

“म्हणून आलां होतां तर तुम्ही. पत्रासाठीं.”

“पहिल्या शनिवारी पत्र चोरायला आलो होतो,” तो म्हणाला. “दुसऱ्या शनिवारी… कशासाठी आलो होतो तेच विसरलो.”

एरवी अशा वाक्यावर वाणी लाजली असती. आज तिचे डोळे भरून आले ते रागाने. “बारा वर्षांचा मुलगा खोटं लिहितो, तें मी समजूं शकतें. पण आज तुम्ही बारा वर्षांचे नव्हतां. तो म्हातारा डोळे मिटून ऐकत होता, आणि तुम्ही… वाचलांत.”

“सांगितलं तर त्यांचं मन मोडेल.”

“न सांगितलं तर सूचीच खोटी पडेल. त्यांचं आयुष्य आहे तें.” गाडीची शिटी ऐकू आली. “पुढच्या शनिवारीं तुम्ही सांगा. नाहीं तर मी सांगेन. आणि मग… मला भेटूं नका.”

तो आठवडा फार लांबला. मंदारचा फोन आला नाही. वाणीनेही केला नाही. कॉलेजात एका मुलीला तिने रसायनशास्त्राऐवजी राज्यशास्त्राचं पुस्तक दिलं. तो येणार नाही, असं तिचं मन सांगत होतं. वेलचेरी ते एग्मोर हे अंतर टाळायचं म्हटलं तर कितीही मोठं करता येतं.

शनिवारी ती मामांच्या इमारतीपाशी आली तेव्हा तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. दाढी वाढलेली.

“तासभर झाला,” तो उठत म्हणाला. “एकट्याने वर जायचा धीर होईना.”

 पुढे होऊन वाणीने जिना चढायला सुरुवात केली, पण दर तीन-चार पायऱ्यांवर तो मागून येतोय ना, हे ती ऐकत होती.

मंदारने उभ्यानेच सगळं सांगितलं. लपवलेल्या पत्रासकट. मामा ऐकत होते. सांगून झालं, तसे ते खुर्चीच्या हातांवर जोर देऊन पुढे सरकले. मग उठून भिंतीचा आधार घेत स्वयंपाकघरात गेले. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला आणि बराच वेळ दुसरा आवाजच आला नाही. मंदार स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत उभाच होता. वाणीला त्याचा हात धरावासा वाटला, आणि आपल्याला असं वाटावं याचाच तिला राग आला.

मामा परत आले. खुर्चीत बसले.

“मला वाईट वाटलं,” ते म्हणाले. “तें तुला सांगून ठेवतों. सतरा वर्षं मी त्या पत्राच्या जोरावर लोकांशीं भांडलों.”

“मला माफ करा, मामा.”

“तें पुढें पाहूं. मी तुला प्रश्न पाठवले होते. उत्तरं आलीं नाहींत. आज दे.” त्यांनी वाणीकडे मान वळवली. “वाणी, लिही. प्रश्नांची यादी पाठ आहे मला. साक्षीदार त्या वेळीं एकटा होता काय?”

“हो,” मंदार म्हणाला.

“रोज एकटाच बसत असे काय?”

“हो. वडिलांची बदली… ती माझी पाचवी शाळा होती. त्या वसाहतीत माझ्या वयाचं कोणी नव्हतं.”

“उतारूची उंची साक्षीदाराएवढीच कां?”

मंदार थांबला. हे त्याने स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. “मोठा असता तर… मोठी माणसं शेजारी बसत नाहीत ना. मला कुणीतरी शेजारी बसणारं हवं होतं.”

वाणी लिहीत होती. अक्षरं तिला एकाएकी धूसर दिसू लागली. मामांनी हात पुढे करून नोंदीचा कागद मागितला, चाचपडत शेवटचा रकाना शोधला, आणि तिन्ही ठिपक्यांवर एक आडवी रेघ मारली.

“सूचींतून काढूं का, मामा?” वाणीने विचारलं.

“काढायची कशाला? ‘रचलेली’ म्हणून लिही. साक्षीदारानं स्वतः येऊन सांगितलं, तेंही लिही. चारशे बारांत असं करणारा हा पहिला.” त्यांनी कागद वाणीला परत दिला. “आतां कॉफी कर कोणीतरी. मी करायला गेलों होतों, पण भांडं नुसतंच ठेवून आलों.”

मंदारच उठला. आतून दूध उतू गेल्याचा वास आला, तेव्हा मामा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

परत जाताना आकाश स्वच्छ होतं. रस्ता ओला, त्यावर मावळतीचं पिवळं ऊन. दोघं नेहमीपेक्षाही हळू चालत होते.

“अजून रागात आहात?” मंदारने विचारलं.

“नाहीं.”

“मग बोलत का नाही?”

“बोलायचं तें मोठं आहे. मराठींत जमवतें आहे.”

तो हसला नाही. वाट बघत राहिला. फलाटावर तांबरमची गाडी येऊन उभी राहिली तरी तो वाट बघत होता.

“वाणी, मला तुमच्याशी –” त्याने घसा साफ केला. “म्हणजे तुमची हरकत नसेल तर… सूची संपली तरी मला शनिवारी यायचंय. रविवारीही. रोज, खरं तर.”

“अय्यो,” वाणी म्हणाली, “एवढ्याशा गोष्टीस सात शनिवार घेतलेत?” तिचे गाल तापले होते, पण नजर तिने हलवली नाही. “मला तुम्ही पहिल्या शनिवारींच आवडलां होतां. आजचा धरून आतां फार आवडतां.”

मंदार जागच्या जागी उभा. बायकांच्या डब्यातून कुणीतरी त्यांच्याकडे बघून हसलं. गाडीने शिटी दिली.

वाणी शेजारच्या डब्यात चढली आणि दारातून तिने हात पुढे केला. “ये,” ती म्हणाली. “चढ लवकर.”

तो चढला. आपल्याला तिने ‘या’ नव्हे, ‘ये’ म्हटलं, हे गाडी सुटल्यावर त्याच्या ध्यानात आलं, आणि तो खिडकीबाहेर बघत एकटाच हसत राहिला. वाणीने एका हाताने त्याची बाही धरून ठेवली होती. दुसऱ्या हाताने ती घरी फोन लावत होती.

“आई, आज एक पान अधिक मांड,” ती म्हणाली. मग पलीकडचं ऐकून तिने मंदारकडे पाहिलं. “होय… तोच. होय, आई, घेऊनच येतें आहे.”