कडेची खुर्ची

नाट्यगृहाच्या व्यवस्थापकबाई आल्या त्या रडतच आल्या. हरवलेलं शोधून देणाऱ्या घारूताईंनी त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि बिस्किटांचा डबा भाऊजींच्या हाताबाहेर सरकवला.

"आमची एक खुर्ची चोरीला गेलीय," बाई म्हणाल्या.

"एकच ना?" भाऊजी हसले. "मग दुसरी आणा की."

घारूताईंनी बहिणीच्या या नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. त्यांच्या घाऱ्या डोळ्यांची ख्याती अशी, की त्या रोखून बघायला लागल्या की मागे पडलेलं घड्याळसुद्धा खरी वेळ कबूल करायचं. भाऊजींनी हसू आवरलं.

"आमचं नाट्यगृह देणग्यांवर चालतं हो," बाई सांगू लागल्या. "देणगीदार एकेक खुर्ची दत्तक घेतात. खुर्चीच्या पाठीवर त्यांना हवी ती पितळी पाटी लागते. पहिल्या रांगेतल्या कडेच्या दोन खुर्च्या आजोबांच्या. ते आमचे सगळ्यात मोठे देणगीदार, सगळे त्यांना आजोबाच म्हणतात. अगदी कडेची त्यांच्या गेलेल्या बायकोची, शेजारची त्यांची स्वतःची."

"आणि गेली कुठली?"

"कडेची! आज संध्याकाळी वर्धापनदिन. आजोबा येणार, आणि पुढची तीन वर्षं मदत देणार की नाही ते सांगणार. नाही म्हणाले तर सोमवारी आमच्या दाराला कुलूप."

"शेवटचे कधी आले होते?"

"वर्ष झालं. आधी दर शनिवारी यायचे. काय बिनसलं कोण जाणे. त्यांच्याबरोबर बुद्धिबळ खेळणारे आमचे खजिनदार, पण तेही काही बोलत नाहीत."

नाट्यगृह जुनं, पण पुसून लख्ख ठेवलेलं होतं. सगळ्या खुर्च्यांना पांढऱ्या खोळी होत्या. पहिल्या रांगेच्या कडेला, बाजूच्या दारापाशी, दात पडल्यासारखी एक जागा रिकामी होती.

भाऊजींनी शेजारच्या खोळीला हात घातला.

"नको!" बाई धावल्या. "वर्धापनदिनाला दत्तक खुर्चीची खोळ ज्याची त्यानेच काढायची. आमची रीतच आहे ती. इतकी वर्षं कुणी मोडली नाही."

घारूताई तोवर गुडघ्यांवर बसल्या होत्या. रिकाम्या जागी जमिनीत बोल्टची भोकं होती. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीच्या लोखंडी पायाला बोट लावलं आणि ते बोट भाऊजींच्या नाकाखाली धरलं.

"तेल," भाऊजी म्हणाले. "खोबरेल नाही."

"वा. निम्मी केस सुटली."

बाजूच्या दाराबाहेर पायऱ्यांवर लाकडी उतार बसवला होता. त्यातून ताज्या फळ्यांचा वास येत होता.

"सामान चढवायला खजिनदारांनी करवून घेतला," बाई म्हणाल्या. "जळका दिवा बदलायचा तरी तीन सभा घेतात ते. मी तर डोळे चोळले."

किल्ल्या तिघांकडेच होत्या. बाईंकडे, दिग्दर्शकाकडे आणि खजिनदारांकडे.

दिग्दर्शक रंगमंचावर, राजाचा लाल झगा टाकलेल्या सिंहासनावर डुगडुगत बसला होता.

"खुर्ची?" तो कपाळाला हात लावून म्हणाला. "इथे माझा राजा मरत नाहीये नीट, आणि तुम्हाला खुर्चीचं पडलंय. काल संध्याकाळी तालीम संपली, मी घरी गेलो. मागे फक्त खजिनदार होते."

तो तावातावाने उठला. मागे खाड्‌कन आवाज झाला. भाऊजी दचकले, घारूताई मात्र गालात हसल्या.

खजिनदार कचेरीत बसले होते. अंगाने पैलवान, चेहऱ्याने कडू औषध.

"मी तर पहिल्यापासून म्हणतोय, हॉल भाड्याने द्या," ते म्हणाले. "नाटकाने कुणाचं पोट भरलंय?"

"पाहा!" बाईंनी डोळ्याला पदर लावला. "यांना हे सगळं बंदच करायचंय. मी आजोबांना फोन करते. म्हणते, आज येऊ नका."

"फोन करायचा नाही!" खजिनदार ताडकन उठले. "काही झालं तरी कार्यक्रम झालाच पाहिजे."

भाऊजींनी घारूताईंच्या कानात सांगितलं, "हाच चोर."

"माणूस बरोबर, भाऊजी. शब्द चुकला."

संध्याकाळी आजोबा यायच्या जरा आधी घारूताईंनी सगळ्यांना पहिल्या रांगेपुढे उभं केलं.

"काढलेल्या खुर्चीच्या बोल्टना तेल घालतात, हे कळतं," त्या म्हणाल्या. "पण जी जागची हललीच नाही, तिच्या पायाला ताजं तेल कशाला? म्हणजे तीही हललीय. कडेची खुर्ची सोडवून एक घर आत सरकवली, आणि आतली तिथून काढली. बाई, आजोबांच्या बायकोची खुर्ची तुमच्या डोळ्यांसमोर आहे. गेलीय ती आजोबांची."

बाईंचा हात खोळीकडे गेला आणि तिथेच थबकला.

"म्हणून तर कुणाला कळलं नाही. खोळ उचलायची नाही ना."

"मग आजोबांची कुठाय?" भाऊजींनी विचारलं.

"उठलं की ज्याची बसकण खाड्‌कन वर जाते, असं सिंहासन पाहिलंय का कुठे?"

सगळ्यांनी दिग्दर्शकाकडे पाहिलं.

"पडद्यामागे होती," तो पुटपुटला. "मला वाटलं, शेवटी एकदाचं नवं सामान आलं."

"आता सांगा. ज्याला हे बंद करायचंय, तो कार्यक्रम रद्द होऊ नये म्हणून का धडपडेल? जो दिव्याला तीन सभा घेतो, तो उतार का बांधेल? आणि दर शनिवारी येणारा माणूस वर्षभर का येत नाही? दाराशी उतार, रांगेच्या कडेला मोकळी जागा. आजोबा आता चाकांच्या खुर्चीत बसतात. खजिनदार, बरोबर?"

खजिनदारांचा कडू चेहरा पार विरघळला.

"मला शपथ घातली होती त्यानं," ते म्हणाले. "म्हणाला, आधी कळलं तर तुम्ही हार घालाल, भाषणं कराल, 'अरेरे' म्हणाल. तसं झालं तर मी येणारच नाही. मग रात्री पान्हा घेऊन बसलो. या बाई इतक्या रडतील, हे मला काय माहीत?"

"आणि खोळीखाली ती नसली तर?" बाई म्हणाल्या.

"उचलून बघा," घारूताई म्हणाल्या.

बाईंनी मान हलवली. रीत ती रीत.

तेवढ्यात बाजूचं दार उघडलं. आजोबा उतारावरून आत आले. सगळ्यांनी बाजूला होऊन वाट दिली. त्यांनी चाकं फिरवली आणि रिकाम्या जागेत असे बरोबर बसले, जणू जमिनीने माप घेऊन ठेवलं होतं. मग हात लांब करून शेजारची खोळ ओढली.

पितळी पाटी चमकली. 'ही इथे हसायची. रडायच्या जागीसुद्धा.'

बाईंनी इतका मोठा श्वास सोडला, की पडदा हलला म्हणतात.

आजोबांनी खजिनदारांकडे डोळे वटारले. "सांगितलंस ना यांना?"

"एक अक्षर नाही. या घारूताईंनी तेलावरून ओळखलं."

"मदतीचं काय ते नंतर बोलू," बाई घाईघाईने म्हणाल्या. "आधी नाटक बघा."

"नंतर कशाला? तीन वर्षं दिली." आजोबांनी आपल्या चाकांखालच्या जमिनीवर बोट ठेवलं. "पण माझी खुर्ची तुम्ही काढलीत. आता ही रिकामी जागा दत्तक घेतो. माझ्यासारखा कुणीही येईल, त्याला बसू द्या. लावा पाटी."

"पाटी लावायची कशावर?" खजिनदार म्हणाले. "इथे तर काहीच नाही."

"घ्या एक सभा," घारूताई म्हणाल्या.

रंगमंचावर राजा त्या संध्याकाळी पहिल्यांदाच नीट मेला. त्याला उचलताना मात्र सिंहासन खाड्‌कन वाजलं, आणि भर शोकात पहिल्या रांगेच्या कडेला आजोबा खदखदून हसले, अगदी दोघांच्या वाटचं.